शिंदीचा पराग, खजुराचा पराग

मगरिबची अजान झाली की रोजेदाराचा हात आधी खजुराकडे जातो. बारामती असो, इंदापूर असो, नाहीतर नीरा-बारामती रस्त्यावरचे वडगाव निंबाळकर असो. इफ्तारच्या ताटात कलिंगड, पपई, भजी यांची अदलाबदल होते, खजूर मात्र जागेवर असतो. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) खजुराने रोजा सोडत, खजूर नसेल तर पाण्याने, म्हणून ही सुन्नत. खजूर तोंडात विरघळतो आणि हातात उरते ती बी. लांबट, तपकिरी, एका अंगाला चीर पडलेली. घरातले एखादे पोर हमखास विचारते, ही लावली तर झाड येईल का?

येईल. पण कोणते झाड येईल, हा प्रश्न मोठ्यांनाही सोपा नाही.

गेली एक-दोन वर्षे रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो आहे. चांद्र वर्षामुळे तो दरवर्षी अकरा-एक दिवस आधी सरकतो, तेव्हा सध्याचे रमजान हिवाळ्याच्या शेवटाला आणि उन्हाळ्याच्या तोंडाला आहेत. नेमक्या याच दिवसांत आपल्याकडे शिंदी फुलते. नीरा नदीच्या काठाने, ओढ्यांच्या कडेने, उसाच्या बांधावर शिंदीची जी झाडे अजून उभी आहेत, त्यांच्याकडे या दिवसांत मान वर करून पाहावे. पानांच्या बेचक्यातून होडीसारखे कवच फुटलेले असते आणि आतून फिकट पांढऱ्या फुलांचा झुबका बाहेर आलेला असतो. काही झाडांचा झुबका दाट, कुंच्यासारखा असतो आणि त्याला हलकेच टिचकी मारली तर पिठासारखी पूड उडते. हे नर झाड. शेजारच्या झाडाचा फुलोरा विरळ, हिरवट-पिवळ्या मण्यांचा असतो आणि त्यातून पूड उडत नाही. ही मादी. उन्हाळा पुढे सरकला की फळे फक्त तिलाच लागतात. शिंदी असो की खजूर, नर वेगळा आणि मादी वेगळी.

शिंदीशी आपले नाते जुने आहे, पण जरा अवघडलेले. झाडाचे नाव शिंदी आणि त्याच्या रसापासून होणाऱ्या दारूचेही नाव शिंदी. त्यामुळे झाडाची बदनामी फुकटच झाली. पहाटे काढलेला ताजा, न आंबलेला रस म्हणजे नीरा. तो गोड आणि पौष्टिक. उन चढले की तोच आंबतो आणि मग त्याची जात बदलते. याच झाडाच्या पानांची केरसुणी होते आणि लक्ष्मीपूजनाला तिला हळदकुंकू वाहिले जाते. सुगरणीला घरटे टांगायला शिंदीइतके लाडके झाड क्वचितच दुसरे असेल. मदिनेच्या खजुराची ही सख्खी बहीण आपल्या बांधावर उभी आहे आणि आपण तिला ‘रानटी खजूर’ म्हणून पुढे जातो.

सख्खी बहीण हा शब्द उगाच वापरलेला नाही. वनस्पतिशास्त्रात खजूर आणि शिंदी एकाच प्रजातीत, फिनिक्समध्ये, मोडतात. खजूर म्हणजे फिनिक्स डॅक्टिलिफेरा, शिंदी म्हणजे फिनिक्स सिल्व्हेस्ट्रिस. या प्रजातीत जगभर मिळून जेमतेम चौदाएक जाती. अख्ख्या ताड कुळात मात्र सुमारे 2600 जाती आहेत. नारळ, सुपारी, ताड, कोकणातला भेरली माड, ज्याच्या छड्या आणि खुर्च्या होतात तो वेत आणि ज्याचे पामतेल आज घराघरातल्या कढईत आहे तो आफ्रिकी तेलमाड, हे सगळे याच कुळातले. एवढ्या मोठ्या खानदानात कोण कोणाच्या जवळचा, हे ठरवायचे कसे? पानावरून, खोडावरून, फळावरून प्रयत्न झाले. आणि त्या उडणाऱ्या पुडीवरूनही झाले.

ही पूड म्हणजे परागकण. शिंदीचा किंवा खजुराचा एक कण इतका लहान की एका मिलिमीटरमध्ये चाळीसएक कण ओळीने बसतील. नुसत्या डोळ्यांना तो धूळच. पण निसर्गाने या धुळीला जे कवच दिले आहे, त्याला तोड नाही. स्पोरोपोलेनिन नावाच्या द्रव्याचे हे कवच कुजत नाही, आम्लात विरघळत नाही, लाखो वर्षे चिखलात गाडले गेले तरी आपला आकार सोडत नाही. स्वीडनच्या गुन्नार एर्टमान यांनी या चिवटपणाचाच उपयोग करून घेतला. नऊ भाग ॲसिटिक अनहायड्राइड आणि एक भाग गंधकाम्ल यांच्या गरम मिश्रणात पराग टाकला की आतला गर, वरचे तेल, सगळे जळून जाते आणि स्वच्छ कवच तेवढे उरते. मग सूक्ष्मदर्शकाखाली त्यावरचे नक्षीकाम वाचता येते. परागांचा आकार आणि वनस्पतींचे वर्गीकरण यांची सांगड घालणारा त्यांचा ग्रंथ 1952 सालचा. जगभरच्या प्रयोगशाळा आजही हीच रीत वापरतात.

ताड कुळाच्या परागात पाहायचे काय? सगळ्यात आधी चीर. परागकण रुजताना त्यातून जी नळी बाहेर पडते, तिच्यासाठी कवचावर एक कमकुवत जागा ठेवलेली असते. बहुतेक ताडवर्गीयांच्या परागाला अशी एकच लांबट चीर असते आणि कण होडीसारखा दिसतो. गंमत म्हणजे हातातल्या खजुराच्या बीला जशी एका अंगाला चीर, तशीच तिच्या परागालाही. दोन्हींचा एकमेकांशी संबंध मात्र काही नाही. वेताकडे जावे तर तिथे चिरा दोन. तेलमाडाचा कण तिकोनी आणि त्याची चीर तीन फाट्यांची. त्यानंतर पाहायचा तो आकारमान आणि पृष्ठभाग. नारळाचा कण खजुराच्या दुपटीएवढा. खजुराच्या कणावर बारीक जाळी. ताडाच्या कणावर उठून दिसणाऱ्या गाठी. आणि या सगळ्यांत निराळा तो निपा. सुंदरबन आणि अंदमानच्या खाजणात, भरतीच्या पाण्यात पाय बुडवून उभा राहणारा हा बुटका माड. बंगालीत त्याला गोलपाता म्हणतात. त्याच्या परागावर काटे असतात आणि चीर एका बाजूला न राहता कणाभोवती कडे घालते. एकदा पाहिला की विसरता येत नाही.

हा निपा आपल्या गोष्टीत येण्याचे कारण पायाखाली आहे. बारामती-इंदापूरची काळी माती ज्या काळ्या पाषाणातून झाली, तो दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. लाव्हाचे थर एकदम पडले नाहीत. दोन थरांच्या मधल्या काळात तळी साचली, झाडे उगवली आणि पुढच्या थराखाली गाडली गेली. नागपूरजवळच्या टाकळीला एकोणिसाव्या शतकातच रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांना असे जीवाश्म सापडले होते. विदर्भात आणि त्याला लागून असलेल्या मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात तर ताडवर्गीयांची दगड झालेली खोडे विपुल मिळतात. छिंदवाड्यातल्याच मोहगाव कलान इथे 1930च्या दशकात प्रा. के. पी. रोडे यांना निपाच्या फळाचा जीवाश्म मिळाला आणि पुढे बिरबल साहनी यांनीही त्याचा अभ्यास केला. ज्याला भरतीचे पाणी लागते असा माड आज समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत कसा? तर तेव्हा समुद्राचा एखादा फाटा तिथवर आलेला असावा, असे अनुमान त्यातून निघाले. फळ मिळणे हे नशीब; पराग मात्र खडकाच्या चिमूटभर भुकटीतही मिळतो. म्हणूनच काटेरी, कडे घातलेला तो कण जगात जिथे जिथे जुन्या खडकात दिसतो, तिथे तिथे भूशास्त्रज्ञ खाजण आणि किनारा शोधू लागतात. परागावरून झाड ओळखण्याची विद्या ही केवळ कपाटातल्या नमुन्यांना चिठ्ठ्या चिकटवण्याची विद्या नव्हे, ती अशी.

भारतात ताड कुळाच्या परागांचा मोठा अभ्यास केला तो गणपती तणिकैमणी यांनी. पाँडिचेरीला 1955 साली सुरू झालेल्या फ्रेंच इन्स्टिट्यूटच्या प्रयोगशाळेत त्यांनी काम केले. 1966 मध्ये त्यांचा पहिला मोठा प्रबंध आला आणि 1970च्या सुमारास ताड कुळाचे पराग आणि वर्गीकरण यांच्यावरचा जवळपास तीनशे पानांचा ग्रंथ, फ्रेंचमध्ये. नुसता पराग पाहून निकाल द्यायचा नाही, त्याला झाडाच्या बाकीच्या लक्षणांशेजारी बसवून पाहायचे, ही त्यांची शिस्त. जगभरातल्या परागविषयक लेखनाच्या भल्याथोरल्या सूचीही त्यांनी तयार केल्या. असले काम करणाऱ्याला कोणी हार घालत नाही, पण नंतर येणारा प्रत्येक जण त्याच्या खांद्यावर उभा असतो.

5 सप्टेंबर 1986. मुंबईच्या सहार विमानतळावरून पॅन ॲमचे 73 क्रमांकाचे विमान कराची, फ्रँकफर्टमार्गे न्यूयॉर्कला निघाले. कराचीत ते धावपट्टीवरच अपहरणकर्त्यांच्या ताब्यात गेले आणि रात्री गोळीबारात वीसहून अधिक माणसे मारली गेली. तेविसाव्या वाढदिवसाला दोन दिवस उरलेले असताना प्रवाशांना वाचवताना गेलेली नीरजा भनोत आपल्याला आठवते. तिच्यावर चित्रपट निघाला. त्याच विमानात तणिकैमणीही होते. वय 48. खाजणातल्या वनस्पतींच्या परागांवरचे त्यांचे पुस्तक दुसऱ्या वर्षी, त्यांच्या माघारी, प्रसिद्ध झाले. त्या पुस्तकाच्या विषयात निपाही येतो.

त्यांच्या नंतर हे काम लंडनच्या क्यू उद्यानात पुढे गेले. मॅडलिन हार्ले आणि विल्यम बेकर यांनी 2001 मध्ये ताड कुळातल्या परागांच्या चिरांचा वंशवृक्षाशी ताळा घातला. तेव्हा जे दिसले ते थोडे निराश करणारे आणि म्हणूनच खरे वाटणारे आहे. एकच प्रकारची चीर कुळाच्या अगदी दूरदूरच्या फांद्यांवर पुन्हा पुन्हा उगवलेली आहे. म्हणजे दोन झाडांचे पराग सारखे दिसले म्हणून ती झाडे जवळची, असे सरसकट म्हणता येत नाही. परागाने वेत वेगळा काढता येतो, निपा वेगळा काढता येतो, तेलमाड ओळखता येतो. खजूर आणि नारळ एका स्लाइडवर ठेवले तर आकारावरूनच निवडता येतात. पण खजूर आणि शिंदी? दोघींचे कण सारखेच लहान, सारखेच होडीसारखे, सारख्याच बारीक जाळीचे. तिथे नुसत्या परागावर विसंबून निवाडा देणारा शास्त्रज्ञ धाडसी म्हणावा लागेल.

आणि झाडांनाही ते ठाऊक असावे. कारण शिंदीचा पराग खजुराच्या मादीवर घातला तर फळ धरते. दोघींचे संकरही होतात. ज्याला आपण अरबस्तानचा म्हणतो आणि जिला आपण ओढ्याकाठची म्हणतो, त्यांच्यात निसर्गाने कुंपण घातलेले नाही.

खजुराच्या वर्गीकरणात आणखी एक चकवा आहे, तो सांगून टाकलेला बरा. लांबून पाहिले तर खजुराचे पान नारळाच्या झावळीसारखे, मधल्या दांड्याला दोन्ही बाजूंनी पाती. ताडाचे पान पंख्यासारखे. म्हणून वाटते, खजूर नारळाच्या जवळचा. प्रत्यक्षात उलट आहे. आजच्या वर्गीकरणात खजूर आणि ताड एका उपकुळात बसतात, नारळ आणि सुपारी दुसऱ्या. पटत नसेल तर एक पाते तोडून त्याची घडी पाहावी. शिंदीच्या पात्याची घडी वरच्या बाजूला उघडी, पाणी साठेल अशी पन्हळीसारखी. नारळाच्या पात्याची खाली, घराच्या पाख्यासारखी. सूक्ष्मदर्शक न लागणारी ही खूण फार जुनी आणि भरवशाची आहे.

रमजानच्या पानावर परागाची एवढी चर्चा कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर हदीसमध्येच आहे. ‘सहीह मुस्लिम’ या प्रमाण संग्रहात ही हकीकत येते. पैगंबर (स.) मदिनेला आले तेव्हा तिथले लोक खजुराच्या झाडांवर चढून काही करताना त्यांना दिसले. काय करता, असे त्यांनी विचारले. नराचा फुलोरा मादीत ठेवतो, म्हणजे फळ धरते, असे लोकांनी सांगितले. मक्का हा ओसाड डोंगरांचा मुलूख, तिथे बागायत नाही. याने काही फायदा होत असेल असे मला वाटत नाही, अशा अर्थाचे पैगंबर (स.) बोलले. लोकांनी ते ऐकून त्या वर्षी पराग घालणे सोडले आणि पीक घसरले. ही गोष्ट पैगंबरांच्या (स.) कानावर गेली. तेव्हा त्यांनी जे सांगितले त्याचा आशय असा: तो माझा एक अंदाज होता, त्यावरून मला धरू नका, अल्लाहच्या वतीने सांगेन ते घ्या, पण तुमच्या या दुनियेतल्या कामांची जाण तुम्हालाच अधिक आहे.

चौदाशे वर्षांपूर्वीची ही हकीकत इतक्या प्रामाणिकपणे जपली गेली, ती लपवली गेली नाही, हे विशेष. त्यातले नेते आपला अंदाज चुकल्याचे मोकळेपणाने सांगतात आणि निर्णय बागवानाच्या हाती सोपवतात. धर्म आणि शेती, दोघांच्याही चर्चेत ही हदीस उलेमा आजवर उद्धृत करत आले आहेत. आपल्याकडे मात्र इफ्तारच्या बयानात ती जितकी ऐकू यायला हवी तितकी येत नाही.

मदिनेचे बागवान जे करत होते, तेच आजही चालते. मादीचे कवच फुटले की थोड्याच दिवसांत नर फुलोऱ्याच्या काही काड्या तोडून तिच्या झुबक्यात उलट्या खोवायच्या आणि सैलसर बांधायच्या. किंवा पराग वाळवून, पिठात मिसळून फुंकायचा. रानात नर-मादी निम्मेनिम्मे असतात, तिथे वारा आपले काम करतो. बागेत पन्नासएक माद्यांमागे एखादाच नर ठेवतात, म्हणून माणसाला झाडावर चढावे लागते. नर कोणता, यालाही महत्त्व आहे. वॉल्टर स्विंगल या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने 1928 मध्ये दाखवून दिले की ज्या नराचा पराग घालावा त्याप्रमाणे खजुराच्या फळाचा आकार आणि पिकण्याचा काळ बदलतो. म्हणजे फळातला गर आईचा असूनही त्यावर बापाची सावली पडते. शिंदीचा पराग खजुरावर घालून पाहण्यामागे संशोधकांचे हेही कुतूहल होते.

आता त्या पोराच्या प्रश्नाकडे. इफ्तारची बी कुंडीत लावली तर उगवते, पण ती आईसारखी होईल याची शाश्वती नाही. बापाचा पराग कुठला, हे कोणालाच माहीत नसते. शिवाय निम्मी शक्यता नर निघण्याची, आणि ते कळायला पहिला फुलोरा यावा लागतो. त्याला पाच-सहा वर्षे, कधी अधिक. कच्छमध्ये पिढ्यान्‌पिढ्या बीपासूनच बागा झाल्या, म्हणून तिथे झाडागणिक चव निराळी. तिथल्या खारेकला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. आपण खारीक म्हणतो ती वाळवलेली. कच्छची खारेक म्हणजे झाडावरचे ताजे, पिवळे किंवा लाल, करकरीत फळ. पूर्ण पिकू दिले तर पावसात सडते, म्हणून जून-जुलैत तसेच उतरवतात. महाराष्ट्रातल्या कोरडवाहू भागांत ज्या शेतकऱ्यांनी खजुराला हात घातला, त्यांच्यापुढेही हाच जूनचा पाऊस उभा असतो. त्यामुळे मूळची बसऱ्याची, कच्चेपणीही तुरट न लागणारी बार्ही ही जात निवडतात आणि ऊतिसंवर्धित रोपे घेतात. ती मादीच निघणार याची खात्री असते. नर मात्र वेगळे लावावे लागतात. स्वस्तातली बियांची रोपे लावून सहा वर्षांनी अर्ध्या बागेत पांढरे कुंचे पाहायची वेळ एखाद्यावर येऊ नये, एवढ्यासाठी तरी परागाची ही गोष्ट घरोघरी माहीत असायला हवी.

बांधावरचे झाड खजूर की शिंदी, हे मात्र सूक्ष्मदर्शकाशिवाय कळते. शिंदीचे खोड एकटे, बुंध्याशी पिलवे नाहीत. खजुराला लहानपणी बुंध्यातून पिले फुटतात आणि तीच काढून पूर्वापार लागवड होते. शिंदीची फळे लहान, नारिंगी-पिवळी, बीवर गर नावाला. पोरे ती खातात, पाखरे त्याहून अधिक खातात.

नीरा डाव्या कालव्याचे पाणी आल्यापासून या पट्ट्यात उसाला जागा लागत गेली, बांध बारीक होत गेले आणि शिंदी तोडली गेली की कोणी हळहळत नाही. त्यातही नराला फळ नाही, म्हणून कुऱ्हाड आधी त्याच्यावर. आसपासच्या माद्यांना मग कुठून तरी वाऱ्याने येणाऱ्या कणांची वाट पाहावी लागते.

कुंडीतल्या बीला ओलावा मिळाला तर काही आठवड्यांत तिच्यातून गवतासारखे एकच उभे, टोकदार पाते बाहेर येते. खजुराचेही तसेच, शिंदीचेही तसेच.